जुन्या आंब्याचे रोग व छाटणीचा उपचार

कोहमाऱ्याच्या चौफुलीवरून कोणत्याही दिशेस दोन कोस जावे, तर धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, तलावांच्या पाळींवर आणि गावालगतच्या वाड्यांत जुने आंबे उभे असलेले दिसतात. त्यांतील बहुतेक कोयीपासून झालेले, म्हणजे गावरान. कोय कोणी पुरली हे सांगणारे माणूस आज घरात उरलेले नाही, इतके ते जुने आहेत. यांपैकी पुष्कळ झाडांची स्थिती सध्या चांगली नाही. शेंड्याकडील डहाळ्या वाळलेल्या, मध्यभागी बांडगुळांचे झुबके, बुंध्यावर भोके व त्यांतून गळणारा भुसा, आणि मोहर एका वर्षी आला तर पुढे दोन-तीन वर्षे नाही. असे झाड पाहून धनी म्हणतो की, हे आता म्हातारे झाले, लाकडाच्या भावाने देऊन टाकावे. लाकडाचा व्यापारी तयारच असतो. आंब्याचे लाकूड खोक्यांना व सेंट्रिंगच्या फळ्यांना चालते, आणि दोन पिढ्यांची सावली दोन दिवसांत ट्रकवर चढते.

आमचे म्हणणे असे की, यांतील बहुतेक झाडे वयाने नव्हे, तर रोगाने व हेळसांडीने खंगलेली असतात. योग्य जागी, योग्य ऋतूत व बेताने छाटणी केली असता त्यांस पुन्हा जोम येतो. तो उपचार कसा करावा, हे या लेखात क्रमवार सांगण्याचे योजिले आहे.

गावरान झाड गेले म्हणजे काय जाते

हापूस अथवा दशेरी आंब्याचे एक झाड मेले तरी ती जात मरत नाही, कारण कलमाने तिची हुबेहूब झाडे सर्वत्र झालेली आहेत. गावरान आंब्याचे तसे नाही. आपल्याकडील आंब्याच्या कोयीपासून होणारे झाड आपल्या आईसारखेच फळ देईल असा भरवसा नसतो. गोड आंब्याची कोय पुरली असता आंबट फळ येते, रेषाळ आंब्याच्या कोयीपासून कधी बिनरेषेचे निपजते. म्हणून आपल्या वाडवडिलांनी ज्यांस शेंद्र्या, खोबऱ्या, शेप्या, साखऱ्या अशी नावे ठेविली, ती झाडे एकेकटी आहेत. कलम न बांधता शेंद्र्या तोडला, तर तोच शेंद्र्या पृथ्वीवर पुन्हा होणे नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे लाकडाचा भाव हा अशा झाडाचा खरा भाव नव्हे, हे उघड होईल.

थंड मुलखाची रीत जशीच्या तशी नको

फळझाडाचा रोग कापून काढण्याची विद्या सफरचंदाच्या मुलखात फार पिकलेली आहे. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील बागाईतदार हिवाळ्यात, पाने झडून झाड निजले असता, रोगट व एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढून टाकतात. परंतु सफरचंद पानझडी आहे आणि आंबा सदाहरित. सफरचंदास हिवाळ्यात पूर्ण विश्रांती मिळते, आंब्यास तशी मिळत नाही. शिवाय आंब्याचा मोहर हा पक्व झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. म्हणून ज्या फांदीचा शेंडा गेला, त्या फांदीचे फळ निदान एक-दोन वर्षे तरी गेले असे समजावे. सबब सर्व झाड एकाच वर्षी मुंडण्याचा मोह टाळावा.

आपल्या शेजारचेच उदाहरण घ्यावयाचे तर ते संत्र्याचे आहे. काटोल व वरूडकडील बागाईतदार फळांची तोडणी झाल्यावर ‘सल’ काढतात. सल म्हणजे वाळलेली काडी. ती काढताना ते वाळलेल्या भागापाशीच थांबत नाहीत, तर थोडा हिरवा भागही बरोबर घेतात, कारण रोगाचे बूड वाळलेल्या व हिरव्या भागाच्या सांध्यात असते. संत्र्याच्या लहान झाडावर जी गोष्ट दरवर्षी होते, ती आंब्यावर पन्नास वर्षांत एकदाही होत नाही, हेच आपल्या आंब्यांच्या दुखण्याचे मूळ आहे.

झाडाची जखम भरत नाही, ती बुजते

छाटणीस हात घालण्यापूर्वी एक तत्त्व नीट समजून घ्यावे. मनुष्याच्या अंगास जखम झाली तर नवे मांस येऊन ती भरते. झाडाचे तसे होत नाही. कुजलेल्या लाकडाच्या जागी झाड नवे लाकूड घालू शकत नाही. ते त्या भागाभोवती आतून भिंत उभी करते व बाहेरून नव्या सालीची कड वाढवून तोंड मिटवून घेते. अमेरिकेच्या वनखात्यातील संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे चिरून हा प्रकार पाहिला व १९७७ साली तो विस्ताराने मांडला. पोकळ बुंध्याचा आंबा वर्षानुवर्षे फळतो, त्याचे कारण हेच. झाडाचा जीव गाभ्यात नसून सालीच्या लगत असतो.

यावरून छाटणाऱ्याचे कर्तव्य ठरते. झाड ज्या ठिकाणी भिंत घालू शकते, त्याच ठिकाणी काप दिला पाहिजे. फांदी जेथे खोडास मिळते, तेथे सालीचा किंचित फुगीर वळा असतो. काप त्या वळ्याच्या अगदी बाहेर द्यावा. आपल्याकडे दोन वाईट रिवाज आहेत. एक, हातभर खुंट सोडणे. असा खुंट वाळतो, कुजतो व कुज आत नेतो. दुसरा, खोडाशी सपाट कापून वळाच काढून टाकणे. त्याने जखम मोठी होते आणि ती बुजविण्याचे झाडाचे साधनच नाहीसे होते.

रोगांची ओळख व त्यांवरील काप

१. बांडगूळ. हे परक्या झाडावर वाढणारे झुडूप आहे. त्याची पाने हिरवी असल्यामुळे ते आपले अन्न करू शकते, परंतु पाणी व क्षार मात्र आंब्याच्या फांदीत मुळ्या रुतवून घेते. त्यापुढील फांदी उपाशी राहून वाळते. त्याची फळे फुलटोच्या नावाचा चिमुकला पक्षी खातो. बी चिकट असल्याने पक्षी ते शेजारच्या फांदीवर घासून टाकतो व तेथे नवे बांडगूळ रुजते. विळ्याने नुसते बांडगूळ खरडून काढणे व्यर्थ आहे, कारण त्याच्या मुळ्या सालीवरून व लाकडात पसरलेल्या असतात व पुन्हा फुटतात. फांदीच कापली पाहिजे, व तीही बांडगुळाच्या गाठीच्या निदान वीतभर खालून. त्याची नळीसारखी नारिंगी-लाल फुले दिसू लागली म्हणजे ते सहज ओळखू येते. फळे पिकण्यापूर्वी हे काम उरकावे. एकट्याने आपले झाड साफ करून भागत नाही. शेजारच्या धुऱ्यावरील झाडे तशीच राहिली तर पक्षी पुन्हा बी आणतो. म्हणून एका शिवारातील धन्यांनी हे काम एकाच हंगामात करावे.

२. शेंडेमर. डहाळी शेंड्याकडून खाली वाळत येते, पाने तपकिरी होऊन काही काळ तशीच लोंबत राहतात. ही बुरशी होय. अशी काडी उभी चिरून पाहावी. आत तपकिरी रेघ दिसते, ती जेथे संपते त्याच्याही खाली तीन-चार इंच निरोगी भाग घेऊन काप द्यावा. कापलेल्या तोंडावर तपकिरी डाग दिसला तर आणखी खाली जावे. कापलेल्या काड्या झाडाखाली न ठेवता जाळून टाकाव्यात.

३. भिरूड. लांब मिशांच्या एका मोठ्या भुंग्याची ही अळी होय. ती बोटाएवढी जाड होऊन लाकूड पोखरते. सालीवरील भोक व खाली पडलेला ओला भुसा ही तिची खूण. फांदी पूर्ण पोखरलेली असेल तर ती काढावी. बुंध्यात असेल तर भोक मोकळे करून आकडा केलेल्या तारेने अळी ओढून काढावी, मग पेट्रोल अथवा रॉकेलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा आत सारून तोंड चिखलाने लिंपावे. पूर्वी यासाठी डायक्लोरव्हॉस हे औषध वापरीत. त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, तरी कोणाच्या कोठीत जुनी बाटली असल्यास ती वापरू नये.

४. दाटी व मोहराची विकृती. ज्या झाडाच्या मध्यभागी ऊन शिरत नाही, त्यात तुडतुडे माजतात व पानांवर काळी बुरशी धरते. अशा झाडाच्या मधल्या एक-दोन सरळ उभ्या फांद्या काढून छातीत उजेड घ्यावा. काही झाडांवर मोहराचा फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा दाट गुच्छ होतो व त्यास फळ धरत नाही. तो गुच्छ मागील वर्षाच्या काडीसह वीतभर मागून कापून जाळावा.

छाटणीची रीत

वाळलेले व बांडगुळाचे लाकूड काढण्यास पावसाची झड सोडून कोणताही कोरडा काळ चालतो. मोठ्या फांद्या उतरविण्याचे काम मात्र डिसेंबर-जानेवारीत करावे. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्थेने जुन्या आमरायांसाठी हाच काळ सांगितलेला आहे. या वेळी हवा कोरडी असल्याने जखमेत पाणी मुरत नाही, व उन्हाळ्याच्या तोंडी नवे धुमारे फुटू लागतात.

काम तीन वर्षांत वाटून घ्यावे. पहिल्या वर्षी बांडगूळ, वाळलेले व पोखरलेले लाकूड काढावे. दुसऱ्या वर्षी मध्यभाग मोकळा करावा. तिसऱ्या वर्षी फार उंच गेलेल्या फांद्या खालच्या जोमदार उपफांदीपर्यंत उतरवाव्यात. दरवर्षी झाडाच्या हिरव्या पसाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा अधिक काढू नये. पान हेच झाडाचे स्वयंपाकघर आहे. एकदम सर्व उतरविलेले झाड उन्हाने भाजते, त्यावर भिरूड तुटून पडते, आणि अशक्त झाड त्यातून उठत नाही.

जड फांदी एका कापात उतरवू नये, तिच्या भाराने खोडाची साल हातभर सोलून निघते. वळ्यापासून सुमारे एक फूट अंतरावर प्रथम खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत करवत चालवावी. मग त्याच्या थोडे पुढे वरून कापावे, म्हणजे फांदी साल न सोलता पडते. राहिलेला खुंट शेवटी वळ्याच्या बाहेर साफ कापावा. कुऱ्हाडीने तोंड चेंदते, म्हणून करवतच बरी. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना करवत स्पिरिटने पुसावी. चढणाऱ्या गड्याच्या कमरेस दोर असावा, आणि विजेच्या तारा जवळ असल्यास प्रवाह बंद करवून घेतल्याखेरीज झाडास हात लावू नये.

कापलेल्या तोंडावर त्याच दिवशी बोर्डो मलम लावावा. मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो व पाणी १० लिटर हे त्याचे प्रमाण. मोरचूद निम्म्या पाण्यात व चुना निम्म्या पाण्यात निरनिराळ्या मातीच्या अथवा प्लास्टिकच्या भांड्यांत विरघळवावा, नंतर दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकत्र ओतून ढवळावे. लोखंडी भांडे वापरू नये. लोखंडी खिळा मलमात बुडवून पाहावा. त्यावर तांबूस पुट चढले तर चुन्याची निवळी आणखी घालावी. मलम रोज ताजा करावा.

या औषधाची जन्मकथा मनोरंजक आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर वाटसरूंनी हात टाकू नये म्हणून शेतकरी मोरचूद-चुन्याचे निळे पाणी शिंपडीत. १८८२ साली मिलार्डे नावाच्या प्राध्यापकांच्या ध्यानी आले की, त्या वेलींची पाने केवड्या रोगातून वाचली आहेत. त्यांनी प्रयोग करून १८८५ साली ते प्रसिद्ध केले. तथापि मलमाने जखम बरी होते असे समजू नये. तो केवळ दारावरचा पहारेकरी आहे. जखम बुजविण्याचे काम झाडाचे, व ते आपल्या कापाच्या जागेवर अवलंबून.

छाटणीनंतरची निगा

छाटणीने ज्या फांद्या प्रथमच उन्हात आल्या, त्यांस व बुंध्यास चुन्याचा पांढरा हात द्यावा. आपल्याकडील वैशाखाचे ऊन उघडी साल करपविते. झाडाच्या विस्ताराखाली आळे करून पन्नास किलोच्या आसपास कुजलेले शेणखत द्यावे, व उन्हाळ्यात शक्य त्यांनी दर पंधरवड्यास पाणी द्यावे. उलट पावसाळ्यात बांधीचे पाणी बुंध्याशी साचू देऊ नये. मुळे गुदमरलेल्या झाडाची फांदी कापून काहीच साधत नाही.

कापाच्या जागी पुष्कळ धुमारे फुटतात. ते सर्व राखले तर झाड झाडूसारखे दाट होऊन पुन्हा पूर्वस्थितीस येते. पावसाच्या तोंडी एकदा व पोळ्याच्या सुमारास पुन्हा एकदा विरळणी करून, प्रत्येक मोठ्या फांदीवर बाहेरच्या अंगास वाढणारे आठ-दहा जोमदार धुमारे ठेवावेत. छाटणीनंतर वर्षभर दर पंधरा दिवसांनी भिरुडाचा भुसा पाहत जावे.

येथे एक जोडलाभ आहे. जुन्या झाडावर कलमास योग्य काडी सहसा मिळत नाही. हे नवे धुमारे तीन-चार महिन्यांचे झाले म्हणजे उत्तम काडी देतात. पावसाळ्यात जाणत्या माळ्याकडून अथवा रोपवाटिकेतून त्यांची चार-सहा कलमे बांधवून घ्यावीत. मूळ झाड पुढे वादळाने पडले तरी त्याची जात घरात राहते.

एक दाखला

आमच्या व आमच्या चुलत बंधूंच्या सामाईक धुऱ्यावर एक शेप्या आंबा आहे. त्याची अर्धी डहाळी बांडगुळाने गेली होती. बंधूंचे म्हणणे झाड विकून पैसे वाटून घ्यावे असे होते, व त्यांची गरजही खरी होती, घरी मुलीचे लग्न होते. आम्ही त्यांच्याशी एवढाच करार केला की, तीन वर्षे थांबावे, तोवर वाळलेले लाकूड त्यांनी न्यावे, आणि झाड न सुधारल्यास आम्ही विक्रीस आडवे येणार नाही. पहिल्या वर्षीचे सरपण त्यांच्या लग्नघरी कामास आले. दुसऱ्या व तिसऱ्या वर्षी मोहर जवळजवळ नव्हताच, तेव्हा शेजाऱ्यांनी पुष्कळ थट्टा केली. चौथ्या वर्षी दोन्ही घरांचे लोणचे त्याच झाडाच्या कैऱ्यांचे पडले, आणि विक्रीची गोष्ट बंधूंनीच सोडून दिली.

कागदोपत्री बाजू

महसूल खात्यात आयुष्य गेल्यामुळे या बाजूचे दोन शब्द लिहिणे आमचे काम आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये खातेदाराच्या जमिनीतील झाडांचा हक्क, शासनाने राखून ठेवलेली झाडे वगळता, खातेदाराचा असतो. परंतु हक्क आहे म्हणून वाटेल तेव्हा तोड करता येते असे नाही. महाराष्ट्र झाडे तोडणे (नियमन) अधिनियम, १९६४ याच्या अनुसूचीत आंबा आहे, व तो तोडण्यास परवानगी लागते. वाळकी व रोगट काडी काढणे वेगळे, आणि मोठ्या फांद्या उतरविणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात काम आरंभिण्यापूर्वी तलाठी व वनखात्याच्या कचेरीत विचारपूस करून घ्यावी. सामाईक धुऱ्यावर सर्व हिस्सेदारांची लेखी संमती घ्यावी. जमिनीचे वाटे पडतात, झाडाचे पडत नाहीत. म्हणून सामाईकाचे झाड निगेच्या वेळी कोणाचेच नसते आणि विक्रीच्या वेळी सर्वांचे असते. बहुतेक जुने आंबे बुरशीच्या आधी या भांडणानेच मरतात.

कोणते झाड सोडून द्यावे

सर्वच झाडे वाचतील असे आम्ही म्हणत नाही. बुंध्याच्या घेरापैकी निम्म्याहून अधिक साल मेली असेल, मुळाशी टणक छत्र्या उगवल्या असतील, अथवा पोकळ झाड घरावर किंवा रस्त्यावर कलले असेल, तर त्यावर श्रम करू नयेत. माणसाच्या जिवापुढे झाड मोठे नव्हे. मात्र रीतसर परवानगीने ते काढण्यापूर्वी त्याच्या जिवंत काडीचे कलम बांधून घ्यावे.

वर्षाचा क्रम

वाचकांच्या सोयीसाठी सारांश देतो. दिवाळीनंतर धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या म्हणजे प्रत्येक झाडाभोवती फिरून रोगट फांद्यांवर चुन्याची खूण करावी. पौष-माघात काप, मलम व चुन्याचा हात ही कामे उरकावीत. फाल्गुनापासून पाणी, ज्येष्ठाच्या अखेरीस खत व पहिली विरळणी, श्रावणात कलमे, पोळ्यास दुसरी विरळणी. बारमाही भिरुडावर नजर. एका झाडास वर्षातून तीन-चार दिवसांहून अधिक श्रम लागत नाहीत, व ते दिवस बहुधा धानाच्या कामांतून मोकळे असतात. येत्या हंगामात प्रत्येक सभासदाने निदान एक झाड निवडावे, आणि शेजारच्या धुऱ्यावरील धन्यासही आपल्याबरोबर त्याच आठवड्यात कामास लावावे.